घरचा हिशेब : स्वागत-बोनसाचा अधिकारी कोण?

गेल्या खेपेस ह्या सदरांत विम्याच्या कागदपत्रांविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून नागपूरच्या एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, "परदेशीं असलेलीं आमचीं मुलें नवें क्रेडिट कार्ड घेतलें कीं बोनस मिळाला म्हणून सांगतात. हा बोनस खरोखर फुकटचा असतो काय? आणि एकाच घरांत मुलाला मिळाला व सुनेला मिळाला नाहीं, असें कां व्हावें?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचें उत्तर देण्याइतकें पुस्तकी ज्ञान माझ्यापाशीं नव्हतें. गेल्या वर्षीं ह्याच बोनसाच्या पायीं आमच्या घरीं जें घडलें, त्यानें तें आणून दिलें.

प्रथम वस्तु काय आहे तें सांगतों. क्रेडिट कार्ड म्हणजे वाण्याच्या दुकानांतील उधारीची वही. फरक एवढाच कीं वही वाण्याची नसून बँकेची असते. अमेरिकेंत ह्या वह्या विकण्याची मोठी चुरस आहे. नवें गिऱ्हाईक मिळावें म्हणून बँका असें वचन देतात कीं, खातें उघडल्यापासून ठरावीक मुदतींत, बहुधा तीन महिन्यांत, ठरावीक रकमेची खरेदी कार्डावर करा, म्हणजे अमुक हजार पॉइंट आम्ही एकदम तुमच्या खातीं जमा करूं. ह्या पॉइंटांचे रोख पैसे होतात, किंवा ते विमान कंपनीच्या खात्यांत वळवून तिकिटें काढतां येतात. इंग्रजी पॉइंट म्हणजे आमच्या शाळेंतले गुणच. मीं जन्मभर मुलांना गुण वांटले. परंतु पुस्तक विकत घेण्याबद्दल गुण द्यावे आणि परीक्षा मात्र पुस्तकाच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांत घ्यावी, हें मला कधीं सुचलें नाहीं.

आमचे थोरले बंधु दादा ह्यांचें सहस्रचंद्रदर्शन गेल्या मार्गशीर्षांत व्हावयाचें होतें. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, न्यू जर्सींत असतो. त्याची बायको, बारा वर्षांचा मुलगा व सात वर्षांची मुलगी अशीं चौघेंहि यावीं, अशी दादांची फार इच्छा. तोंडानें ते कांहीं बोलत नसत. पण नातीसाठीं परकराचें खणाचें कापड त्यांनीं वहिनींकडून श्रावणांतच आणवून ठेवलें होतें. डिसेंबरांत त्या देशांतून इकडे येणाऱ्या विमानाचें भाडें इतकें चढतें कीं चौघांच्या तिकिटांचा आंकडा ऐकून मध्यम घरचा मनुष्य गप्पच बसतो. पुतण्यानें तोड काढली. तो म्हणाला, "काका, एक नवें कार्ड घेतों. तीन महिन्यांत चार हजार डॉलरांची खरेदी केली कीं साठ हजार पॉइंट मिळतात. दोन तिकिटें पैशांनीं काढूं, दोन पॉइंटांवर." त्या उन्हाळ्यांत मी त्याच्याकडेच होतों. किराणा, मोटारीचें तेल, मुलाच्या दातांचें बिल, सारें कार्डावर जाऊं लागलें. उगाच कांहीं विकत घेतलें असें झालें नाहीं, हें मुलाच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

ऑगस्टच्या अखेरीस पत्रकावरील बेरीज ४,०६२ डॉलर झाली. पुतण्यानें कार्ड खणांत ठेवून दिलें. ८ सप्टेंबरपर्यंत पॉइंट दिसेनात, तेव्हां त्यानें टेलिफोन केला. पलीकडील बाईंनीं अत्यंत गोड स्वरांत सांगितलें कीं, आपली खरेदी ३,९६७ डॉलर भरते. ४,०६२ मध्यें ९५ डॉलर कार्डाची वार्षिक फी आहे, आणि फी ही खरेदी नव्हे. तेहतीस डॉलर कमी पडले! पुतण्या म्हणाला, "हरकत नाहीं, कार्ड १२ जूनला हातीं पडलें, अजून चार दिवस आहेत, आजच किराणा भरतों." बाई म्हणाल्या, "मुदत कार्ड हातीं पडल्यापासून नव्हे, खातें उघडल्यापासून मोजतात. खातें ३ जूनला उघडलें. मुदत ३ सप्टेंबरला संपली." दोन्ही चुका एकाच टेलिफोनांत पदरांत पडल्या. पुतण्यानें पुष्कळ विनंती केली, पण उपयोग झाला नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें अटींचा कागद माझ्यापुढें ठेवला. "काका, तुम्ही सूत्रांचे अर्थ लावतां, हें वाचून सांगा, आपली बाजू कोठें बसते काय." मीं भिंग घेऊन तीनदां वाचलें. बाजू कोठेंहि बसत नव्हती. सारें स्पष्ट लिहिलें होतें, परंतु जेथें आपण पाहतों तेथें नव्हतें. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यापासून कार्डाचा व्याजदर व फी ठळक चौकटींत छापावी लागते. तो कायदा पुढें आणणाऱ्या शूमर नांवाच्या प्रतिनिधीवरून लोक तिला शूमर-चौकट म्हणतात. पुतण्यानें ती चौकट नीट वाचली होती. बोनसाच्या अटी तिच्यांत नव्हत्या; त्या निराळ्या पानावर निराळ्या मथळ्याखालीं होत्या. वार्षिक फी, व्याज, कार्डावर उचललेली रोकड, दुसऱ्या कार्डाचें देणें इकडे वळविलें तर ती रक्कम, ह्यांतलें कांहींच बहुतेक ठिकाणीं खरेदींत धरीत नाहींत. आणि घेतलेला माल परत केला तर त्याची किंमत वजा होते. म्हणून चार हजारांची अट असेल तेथें चार हजार दोनशे धरून चालावें, आणि शेवटची खरेदी मुदतीच्या निदान आठवडाभर आधीं करावी. बिलाच्या शेवटच्या तारखेचा ह्या मुदतीशीं कांहीं संबंध नसतो, हेंहि लक्षांत ठेवावें.

हें झालें खर्चाचें. पण भगिनींचा प्रश्न ह्याच्याहि अलीकडचा आहे : मुळांत बोनस मागण्यास पात्र कोण? येथें मला आमच्या मीमांसकांची आठवण झाली. जैमिनीच्या सूत्रांतला सहावा अध्याय सगळा अधिकाराविषयीं आहे. कर्म कसें करावें हें आधींच्या अध्यायांत सांगून झालेलें असतें. त्याचें फळ कोणाला, एवढ्यासाठीं एक अध्याय खर्ची पडला आहे. ज्याला फळाची इच्छा आहे, जो तें कर्म करण्यास समर्थ आहे, ज्याला त्याचें ज्ञान आहे, आणि ज्याला शास्त्रानें वगळलेलें नाहीं, तो अधिकारी. अमेरिकन बँकेचा कारकून जैमिनि वाचून बसलेला नसतो, तरी त्याचे प्रश्न हेच असतात. इच्छा सर्वांनाच असते. सामर्थ्य मिळकतीवरून व पूर्वींच्या फेडीवरून ठरतें. ज्ञानाची जबाबदारी आपली. आणि अडतें तें शेवटच्या प्रश्नावर, तूं वगळलेला तर नाहींस ना?

वगळण्याच्या तऱ्हा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. अमेरिकन एक्सप्रेसची रीत अशी कीं, हें कार्ड ज्याच्यापाशीं आहे किंवा पूर्वीं होतें त्यास त्याच कार्डाचा स्वागत-बोनस पुन्हां नाहीं. वैयक्तिक कार्डांस ही आयुष्यांत एकदांची अट २०१४ पासून लागू झाली. विद्यार्थीदशेंत घेऊन बंद केलेलें कार्डहि येथें आडवें येतें, कारण आपण तें विसरलों तरी कंपनीचें दप्तर विसरत नाहीं. ह्या कंपनीची एक गोष्ट मात्र मला आवडली. अर्ज भरीत असतां आपण बोनसास पात्र नसलों तर अर्ज पुरा होण्यापूर्वींच पडद्यावर तसें सांगण्याची सोय तिनें केली आहे. मग पुढें जाणें न जाणें आपल्या हातीं. सिटी बँकेच्या कित्येक कार्डांवर आयुष्याची अट नाहीं, महिन्यांची आहे : त्याच कार्डाचा बोनस मिळून ४८ महिने लोटले पाहिजेत. येथें मोजणी कार्ड घेतल्यापासून नव्हे तर बोनस जमा झाल्यापासून होते. तेव्हां तें जुनें पत्रक जपून ठेवावें.

चेस बँकेची गोष्ट सर्वांत मौजेची. तिच्या सॅफायर नांवाच्या कार्डांना २०१८ पासून ४८ महिन्यांचा नियम होता, आणि त्या कुळांतील एका कार्डाचा बोनस घेतला कीं दुसऱ्याचाहि अडत असे, जसें एका गोत्रांत लग्न अडतें. २०२५ च्या जूनमध्यें तो बदलला. दोन कार्डांचा विचार वेगवेगळा होऊं लागला, परंतु तेंच कार्ड पूर्वीं घेतलेल्यास बोनस मिळेलच असा भरंवसा राहिला नाहीं. म्हणून चार वर्षांपूर्वींच्या मित्राच्या सांगण्यावर कोणीं विसंबूं नये. अर्जाच्या दिवशींचा कागद खरा. ह्याखेरीज त्या बँकेचा एक अलिखित नियम साधारण २०१५ पासून लोकांच्या ध्यानांत आला : गेल्या २४ महिन्यांत कोणत्याहि बँकेचीं पांच किंवा अधिक कार्डें उघडलीं असतील तर अर्ज बहुधा नाकारला जातो. हा नियम जाहिरातींत कोठेंहि छापलेला नव्हता; ज्यांचे अर्ज परत आले त्यांनीं आपसांत ताडून पाहिलें, तेव्हां तो उमगला. आपल्याकडे ज्याला शिष्टाचार म्हणतात, ग्रंथांत नसून चालणारा, त्यांतलाच हा प्रकार. मात्र येथील शिष्ट कोण, तें विचारूं नये.

एवढे कडक नियम कां, असें कोणी म्हणेल. त्याला बँकांचा अनुभव कारण आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्यें चेस बँकेनें सॅफायर रिझर्व्ह हें कार्ड काढलें. वार्षिक फी ४५० डॉलर, आणि तीन महिन्यांत ४,००० डॉलरांच्या खरेदीवर एक लक्ष पॉइंट! लोकांची इतकी झुंबड उडाली कीं धातूचीं कार्डें पुरेनात. त्याच डिसेंबरांत बँकेचे प्रमुख जेमी डायमन ह्यांनीं सांगितलें कीं, ह्या एका कार्डामुळें त्या तिमाहीच्या नफ्यांत वीस ते तीस कोटी डॉलरांची घट येईल. आणि जानेवारींत एक लक्षाचे पन्नास हजार झाले. कार्ड घ्यावें, बोनस उचलावा, कार्ड टाकावें, पुन्हां घ्यावें, असा धंदाच कांहीं हुषार लोकांनीं मांडला होता. श्राद्धाच्या पंगतींत दोनदां जेवून दोनदां दक्षिणा घेणारा भटजी सर्वांना ठाऊक आहे. यजमानानें दुसऱ्या वर्षीं दारांत वही घेऊन मनुष्य बसविला तर यजमानास काय म्हणून दोष द्यावा? मात्र त्या वहींतला मनुष्य पहिल्यानेंच आलेल्या सरळ पाहुण्यालाहि हटकतो, ही त्यांतली अडचण.

आतां सुनेविषयीं. आपण एकत्र कुटुंबांत वाढलेलीं माणसें. घरांत एक वाणी, एक वही. ती दादांच्या नांवावर आहे कीं माझ्या, हें कोणी पाहत नाहीं. मीमांसकांनींहि यज्ञाचा अधिकार पतिपत्नींस मिळून दिला आहे. पत्नीवांचून यजमान अपुरा. परंतु बँकेस कुटुंब दिसत नाहीं, तिला एक एक नांव दिसतें. पुतण्यानें आपल्या खात्यावर बायकोच्या नांवाचें एक जादा कार्ड काढलें होतें. सूनबाई तें वापरीत; तेव्हां दोघेंहि असें समजून चाललीं कीं, तिचेंहि कार्ड होऊन गेलें, आतां तिला बोनस नाहीं. कागद वाचतांना माझी नजर एका शब्दावर अडली. अट खातेदारासाठीं होती. जादा कार्ड वापरणारी व्यक्ति खातेदार नव्हे. देणें फेडण्याची जबाबदारी मूळ खातेदाराची, आणि बोनसहि त्याचा. म्हणजे सूनबाईंना स्वतःच्या नांवानें अजून कांहींच मिळालेलें नव्हतें, आणि म्हणूनच त्या पात्र होत्या!

येथें एक खांचखळगा आहे. जादा कार्डाची नोंद त्या व्यक्तीच्या पतपत्रकांत बहुधा उतरते; त्यामुळें चोवीस महिन्यांतलीं पांच कार्डें मोजतांना तें एक धरलें जातें, जरी बोनसाच्या बाबतींत तें आडवें येत नाहीं. नवऱ्यानें हौसेनें प्रत्येक कार्डावर बायकोचें नांव घातलें, तर बायकोचा स्वतःचा मार्ग नकळत बंद होत जातो. मुलाला मिळाला व सुनेला कां नाहीं, ह्याचें उत्तर पुष्कळ घरीं ह्यांतच सांपडेल. दुसरें असें कीं, सूनबाई सध्यां नोकरी करीत नाहींत. मिळकतीच्या रकान्यांत काय लिहावें म्हणून त्या कचरत होत्या. ह्याविषयींचा नियम तिकडे २०१३ मध्यें सैल झाला. एकवीस वर्षांवरील अर्जदारास घरांतील ज्या मिळकतीचा उपयोग करण्याची वाजवी अपेक्षा आहे, ती मिळकत अर्जांत दाखवितां येते. घर सांभाळणाऱ्या स्त्रीला पत मिळण्यासाठीं एवढा कायदा व्हावा लागला, आणि तोहि इतक्या उशिरां, ह्याचें मला जरा नवल वाटलें.

तरीहि मी पुतण्याला म्हटलें, "अरे, दादांनीं जन्मांत कोणाची उधारी ठेविली नाहीं, आणि त्यांच्या शांतीला तूं उधारीच्या बक्षिसावर येणार?" तो म्हणाला, "काका, दर महिन्याला सगळें बिल फेडतों. एक सेंट व्याज दिलेलें नाहीं." हें खरें होतें, आणि येथें खरोखर सर्व कांहीं ह्याच गोष्टीवर आहे. अमेरिकेंत अलीकडे कार्डाच्या थकबाकीवर शेंकडा वीसच्या वर व्याज चालतें. समजा चार हजार डॉलर एकवीस टक्क्यांनीं थकले. महिन्याचें व्याज सत्तर डॉलर झालें. साठ हजार पॉइंटांचे दर पॉइंटास एक सेंट ह्या भावानें सहाशे डॉलर. त्यांतून फीचे ९५ वजा जातां ५०५. सातव्या महिन्याच्या अखेरीस बोनस जवळजवळ संपलेला असतो आणि मुद्दल तसेंच डोक्यावर! म्हणून जो खर्च कार्ड नसतें तरी झालाच असता, तेवढाच कार्डावर करणाऱ्या घरानें ह्या वाटेस जावें; महिन्याचें बिल पुरें न फेडणाऱ्यानें बोनसाचें नांवहि काढूं नये. शिवाय प्रत्येक अर्जागणिक पतपत्रकांत एक चौकशी नोंदली जाते व ती दोन वर्षें राहते. घरासाठीं कर्ज काढावयाचें असेल त्या वर्षीं हा उद्योग नको.

आपल्याकडेहि हा प्रकार आतां रुजला आहे, पण नियमांचा एवढा पसारा नाहीं. बऱ्याच कार्डांचा स्वागत-लाभ प्रवेश-फी भरल्यावर व ठरावीक दिवसांत खरेदी केल्यावर मिळतो. पेट्रोल, घरभाडें किंवा मोबाइलच्या पाकिटांत भरलेले पैसे कित्येक ठिकाणीं खरेदींत धरीत नाहींत. २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें घातलेल्या नियमांत न मागतां कार्ड पाठविण्यास बंदी केली होती, आणि व्याज व आकार ह्यांचा एक पानी तक्ता अर्जाबरोबरच द्यावा असेंहि सांगितलें होतें. तो तक्ता अवश्य मागून घ्यावा. पण फोनवर "सर, लाइफटाइम फ्री" म्हणणाऱ्या मुलाला, "बोनसाची अट लेखी पाठव" एवढेंच सांगून पाहावें. माझ्या अनुभवांत निम्मे फोन तेथेंच बंद होतात.

मार्गशीर्षांत पुतण्या व त्याचा मुलगा असे दोघेच आले. समारंभ यथासांग झाला. सूनबाई व नात मोबाइलच्या पडद्यावर बसून होत्या. तेथें मध्यरात्र उलटून गेली होती आणि मुलगी डोळे चोळीत होती. दादांनीं दोनदां विचारलें, "आवाज येतो कां तिला?" खणाचें कापड वहिनींनीं परत पेटींत ठेवलें.

जानेवारींत सूनबाईंनीं स्वतःच्या नांवानें अर्ज केला. अर्जापूर्वीं कंपनीला लेखी विचारलें, "मी नवऱ्याच्या खात्यावर जादा कार्ड वापरतें, बोनसास पात्र आहें काय?" होकार आला तो छापून ठेवला. खातें उघडलें त्याच दिवशीं दुसरा प्रश्न पाठविला, "माझी शेवटची तारीख कोणती?" ती तारीख स्वयंपाकघरांतल्या कालनिर्णयावर तांबड्या शाईनें लिहिली, आणि तिच्या दहा दिवस आधीं दुसरी खूण केली. फी वगळून ४,१५० डॉलर झाल्याशिवाय त्या थांबल्या नाहींत. एप्रिलच्या पत्रकांत साठ हजार पॉइंट जमा झाले. त्यांत घरचे थोडे पैसे घालून दोघींचीं तिकिटें निघालीं आणि शाळेला सुटी लागल्यावर आषाढांत मायलेकी आल्या. वर्षभरांत मुलगी उंच झाली होती. परकराला वहिनींना खालीं चार बोटें काठ जोडावा लागला. दादांनीं तिला मांडीवर घेऊन विचारलें, "काय ग, तूं म्हणे गुणांवर आलीस?" ती म्हणाली, "नाहीं आजोबा, आईच्या कार्डावर."